बदलापूरचे पूर, वादळं, दरडी : आठवतंय ते इथे लिहा

उल्हासकाठी

बदलापूर पश्चिमेला घर बघायला येणारा माणूस सगळं विचारतो. स्टेशन किती मिनिटांवर, नळाला पाणी किती वेळ, गाडी लावायला जागा आहे का. उल्हास नदी पावसाळ्यात कुठपर्यंत येते हे मात्र विचारत नाही. विचारलं तरी दाखवणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही, आणि माहीत असलं तरी तो सांगेलच असं नाही.

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. पुढे किती इमारती उभ्या राहिल्या ते आपण रोज बघतोच. म्हणजे २६ जुलै २००५ च्या पुराची रात्र इथे काढलेली माणसं आता गर्दीत शोधावी लागतील. २०१९ आणि २०२१ पाहिलेलेही हळूहळू घरं विकून पूर्वेला चाललेत. जाणारा आपली आठवण घेऊन जातो आणि त्याच तळमजल्यावर नवीन बिऱ्हाड येतं. मला याची खरंच काळजी वाटते, म्हणून हा धागा.

पूर, वादळ, दरड, भूकंप, उन्हाळा, काहीही लिहा. पुराबद्दल लिहिताना जागा नेमकी सांगा, पाणी किती चढलं ते सांगा (जिन्याची कितवी पायरी, खिडकीची चौकट, काहीही चालेल) आणि चढायला-उतरायला किती वेळ लागला तेही.

माझ्यापासून सुरुवात करतो. २००५ ला आम्ही हेंद्रेपाड्याच्या बाजूला तळमजल्यावर राहायचो. मंगळवार होता. दुपारपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, तरी सगळे नदीच्या बाजूलाच नजर लावून बसले होते. पाणी आलं ते मागच्या नाल्यातून. नदी भरली की नाल्याला तोंड उरत नाही, त्याचं पाणी उलटं फिरतं. आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे आले, मग संडासातून, आणि दहा-पंधरा मिनिटांत खोलीभर पाणी. रस्ता तोवर कोरडा नव्हता, पण चालण्याजोगा होता. रात्री पाणी स्विचबोर्डाच्या वर गेलं. उतरायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली आणि मागे वीतभर गाळ राहिला. त्या भिंतीला कितीदा रंग काढला, तरी त्याच उंचीवर लोणा फुटायचा.

बेलवलीकर

चांगला विषय काढलात. आमचं घर इथलंच, आजोबांच्या आधीपासूनचं.

पूर इथे नवीन नाही. नवीन आहेत ती पुराच्या जागेतली घरं. जुनी घरं बघा, सगळी उंचवट्यावर आहेत. नदीकडची जमीन भाताची. दर पावसाळ्यात एकदा तरी खाचरं पाण्याखाली जायची आणि कुणी ओरड करत नव्हतं. पाणी दोन दिवसांत ओसरलं तर भात तगतं, वर नदीचा गाळ फुकट मिळतो. जास्त मुक्काम केला तर कुजतं, मग दुबार लावणीला रोपं शोधत फिरायचं. आजोबा त्याला पूर म्हणतच नसत. नदी बाहेर आली, एवढंच. गुरं आधीच वर बांधलेली असायची.

आता त्याच खाचरांत भराव टाकून इमारती झाल्या. ज्याने भराव जास्त टाकला त्याची इमारत वाचते, आणि त्याच्या वाटणीचं पाणी शेजारच्या जुन्या चाळीत जातं. आमच्या आळीत २००५ ला ओट्याची खालची पायरी बुडाली होती. २०२१ ला पाणी ओट्यावर आलं. नदीला २००५ इतका जोर होता असं मला वाटत नाही. तिची पसरायची जागा कमी झालीय.

आणखी एक. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. जुनी माणसं म्हाताऱ्याला जास्त भ्यायची. रायगडातल्या जांभूळपाड्याचा पूर २४ जुलै १९८९, मग २६ जुलै २००५, २७ जुलै २०१९, २२ जुलै २०२१. सगळे पुष्यातले.

नदीवाचक

बेलवलीकर, त्या तारखांमागे सरळ कारण आहे. जूनचा पाऊस जमीन पिते. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत खाचरं भरलेली, डोंगर मुरलेला, ओढे काठोकाठ. मग तेवढाच पाऊस पडला तरी तो जवळजवळ सगळा वाहूनच येतो. म्हातारा जास्त पडतो म्हणून नाही, त्याला मुरायला जागा उरलेली नसते म्हणून तो घातक.

आता बदलापूरच का, ते थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर गैरसमज फार आहेत.

उल्हास खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर, राजमाचीच्या दरीत उगम पावते आणि खाली कर्जतला येते. तिथून आपल्यापर्यंत तिच्या एका बाजूला सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या बाजूला माथेरानचा डोंगर. दोन्हीकडचं पाणी तिलाच मिळतं. पेज, पोशीर, चिल्हार या नद्या कर्जत-नेरळच्या पट्ट्यात भर घालतात. कर्जत ते बदलापूर रेल्वेने तीसेक किलोमीटर. उतार घाटात संपलेला असतो, त्यामुळे इथे पोचेपर्यंत नदी रुंद आणि वळणावळणाची झालेली असते. वरून लोंढा येतो आणि पुढे निचरा सावकाश होतो. म्हणून बदलापुरात ऊन पडलेलं असताना पाणी चढू शकतं. आपल्या डोक्यावरचा पाऊस बघून अंदाज बांधू नका, माथेरान आणि कर्जतला रात्री किती पडला ते बघा. तिथल्या पावसाचं पाणी इथे पोचायला काही तास लागतात, आणि आवरायला आपल्या हातात तेवढाच वेळ असतो.

बदलापूरच्या पुलाजवळ नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर धरली आहे. पावसाळ्यात पाटबंधारे खात्याचे आकडे फिरतात, तेव्हा हे दोन आकडे डोक्यात ठेवा. १६.५० ओलांडल्यावर तळमजल्यावर बसून वाट बघू नये.

चौथा_मजला

पण २०१९ ला बारवी धरणाचं पाणी सोडलं म्हणून पूर आला ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच फिरत होतं. आणि २००५ ला तर बारवी फुटलं म्हणून लोक रात्री डोंगराकडे पळत सुटले होते असं ऐकलंय.

नदीवाचक

नकाशा उघडा आणि नदीवर बोट ठेवून खाली या. बारवी नदी उल्हासला मिळते ती शहर ओलांडून पुढे गेल्यावर. त्यामुळे बारवीच्या विसर्गाची धास्ती खालच्या गावांना जास्त. खालचं पात्र फुगलं तर आपलं पाणी उतरायला वेळ लागेल, पण हेंद्रेपाड्यात जे शिरतं ते कर्जत-नेरळकडून आलेलं असतं. समुद्राच्या भरतीचंही तसंच. भरती खाडीतून कल्याणपर्यंत जाणवते, कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठच्या लोकांनी ती बघायलाच हवी. बदलापूरला ती पोचत नाही.

धरण फुटल्याची अफवा मात्र पुराइतकीच वाईट. अंधारात, वाहत्या पाण्यातून लहान मुलं घेऊन पळणं हे वरच्या मजल्यावर शांत बसण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं.

सुरंगी

मी २०२१ चं लिहिते. रमेशवाडी, तळमजला. २१ च्या रात्री पाऊस सुरूच होता. पहाटे सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांचा पाय ओल्यात पडला. तोपर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं. ना भोंगा, ना रिक्षातून पुकारा, ना मोबाईलवर निरोप. ज्यांचं ते काम होतं त्यांना वर किती पाऊस झालाय हे रात्रीच कळलेलं असणार, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सासूबाईंना खुर्चीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी वर नेलं. कागदपत्रं घेतली, दागिने घेतले. त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्येच राहिलं. आठवलं तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं आणि गॅसचं सिलिंडर तरंगत स्वयंपाकघराच्या दारावर आपटत होतं. ठण, ठण. कुणालाच आत जाता येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे तेच इन्सुलिन निघालं म्हणून निभावलं.

तेव्हापासून आमच्याकडे जुलै लागला की एक पिशवी दाराला टांगलेली असते. आठ दिवसांची औषधं, चष्मा, रेशनकार्ड, बॅटरी. इन्सुलिनसाठी वेगळी थर्मास पिशवी. सिलिंडर साखळीने खिडकीच्या गजाला बांधतो. ही साखळी नक्की बांधा, पाण्यात तरंगणारं सिलिंडर दार अडवतं, नळी ओढून तोडतं.

कर्जत_लोकल

२७ जुलै २०१९ म्हटलं की सगळ्यांना महालक्ष्मी एक्सप्रेस आठवते. २६ ला रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली गाडी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ अडकली. दोन्ही बाजूंनी पाणी, रूळ दिसेनासे. आत साधारण १०५० माणसं, त्यात नऊ गरोदर बायका. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं फिरली आणि दुपारपर्यंत सगळी सुखरूप बाहेर. त्यांना बदलापूरच्या मंगल कार्यालयात आणून जेवूखाऊ घातलं, मग कल्याणहून वेगळ्या गाडीने कोल्हापूरला पाठवलं.

बोटी यायच्या आधी पाण्यातून चालत जाऊन बिस्किटं आणि पाणी पोचवणारे आसपासच्या गावांतले लोक होते. कंबरभर पाण्यात त्यांनाच बांध कुठे आणि खड्डा कुठे ते माहीत होतं.

मला खटकतं ते वेगळंच. त्या दिवशी सगळे कॅमेरे गाडीवर होते. त्याच पाण्याने पश्चिमेच्या किती तळमजल्यांचं वाटोळं केलं ते कुठे नीट नोंदलंच गेलं नाही. आठवडाभरात, ४ ऑगस्टला, पुन्हा पाणी आलं. त्या दिवशी खडवलीजवळ जू-नांदखुरीतून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने ५८ माणसं उचलली, ते लोकांच्या लक्षात आहे. पण एकदा गाळ काढून, गाद्या फेकून, भिंती धुऊन बसलेल्या माणसांच्या घरात आठ दिवसांत परत पाणी शिरलं, ते त्यांनाच आठवतं.

पारसिक

मी कळव्याचा. पुराच्या धाग्यात दरडीचं चालेल ना? १९ जुलै २०२१ ला घोलाईनगरला दरड घरावर आली आणि एकाच घरातली पाच माणसं गेली. त्यानंतर तीनच दिवसांत महाडकडच्या तळिये गावावर दरड कोसळली.

आमच्या बाजूला पारसिक डोंगराच्या उतारावर घरं वर-वर सरकत गेलीत. घरासाठी पायथा कापतात, वरचं पाणी जायला वाट ठेवत नाहीत. चार दिवस पाऊस लागला की माती जड होते आणि सुटते. काही खुणा आधी दिसतात, त्या लिहून ठेवतो. भिंतीला नवीन तडा, दार अचानक अडकायला लागणं, झाड किंवा विजेचा खांब कलणं, आणि डोंगरातून येणारं स्वच्छ पाणी एकदम गढूळ होणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्या रात्री तिथे झोपू नये. बदलापूर-वांगणीच्या डोंगराकडच्या वाड्यांनाही हे लागू आहे.

उल्हासकाठी

चालेल काय, हवंच आहे. पारसिक, खुणांबद्दल मनापासून आभार.

घाटमाथा

वादळांचं थोडक्यात. आपण किनाऱ्यापासून आत आहोत, त्यामुळे समुद्री वादळ इथे पोचेपर्यंत बरंच निवलेलं असतं. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान आठवतं ते कापून पडलेलं भात भिजलं म्हणून. ३ जून २०२० चं निसर्ग श्रीवर्धनकडे धडकलं, आपल्याकडे भीतीच्या मानाने कमी नुकसान. १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, तरी झाडं पडली आणि वीज गेली. १३ मे २०२४ चं तर नाव असलेलं वादळही नव्हतं. दुपारी आभाळ पिवळं झालं, धूळ उठली आणि वळवाचा पाऊस कोसळला. त्याच वाऱ्याने घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली. बदलापुरात मोठी होर्डिंगं कमी नाहीत, पेट्रोलपंपावर आणि स्टेशनबाहेर कशाखाली उभे राहतो ते बघा.

१८८२ च्या वादळात मुंबईत लाख माणसं मेली असं दरवर्षी फिरतं. त्या काळच्या नोंदींत त्याचा पत्ता नाही. नोव्हेंबर १९४८ चं वादळ मात्र खरं आहे.

भूकंपाचं म्हणाल तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पहाटे मुंबई-ठाण्यापर्यंत जाणवला होता. आमची आई सांगते, फळीवरची भांडी खाली आली. इथे त्याहून जास्त काही ऐकलेलं नाही.

माळावरची_झळ

उन्हाळ्याला आपत्ती कुणी म्हणत नाही, पण म्हणायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत ३४-३५ असतं तेव्हा इथे चाळिशी ओलांडते. खारा वारा आपल्यापर्यंत उशिरा पोचतो, मलंगगड-टावळी-चंदेरीची रांग मध्ये आहे, आणि घाटाकडून कोरडा वारा सुटला की दुपारी रस्ता भाजतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली, तेही आपल्यासारखंच डोंगराच्या पायथ्याचं गाव. लोकलच्या गर्दीतून दुपारी घरी येणाऱ्या बायका, पत्र्याच्या घरातली म्हातारी माणसं, इमारतींवर काम करणारे मजूर यांच्यासाठी तो महिना पुराइतकाच कठीण असतो. पुराचं पाणी भिंतीवर डाग ठेवून जातं. उन्हाने गेलेल्याच्या घरात ताप आला होता एवढंच सांगतात.

बेलवलीकर

अगदी खरं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी बांधावर कुणी दिसत नसे, काम पहाटे आणि तिन्हीसांजेला. बांधकामाच्या मजुराला ती मुभा नाही.

नवीन_घर_२५

सगळ्यांचे लिखाण दोनदा वाचलं. आम्ही सोनिवलीकडे फ्लॅट बघतोय, पहिला मजला, खाली पार्किंग. एजंट म्हणतो, "पूररेषेच्या बाहेर आहे, कागद आहे." पूररेषा म्हणजे नेमकं काय? कागदावर विश्वास ठेवावा का?

नदीवाचक

पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथे बांधकाम नको. निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित, तिथे अटींवर. म्हणून "बाहेर आहे" म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या रेषेच्या? निळीच्या बाहेर आणि लालच्या आत असेल तर तो खोटं बोलत नाहीये, पण तुमच्या गाडीत पाणी जाऊ शकतं.

"१०० वर्षांतून एकदा" म्हणजे आज आला की पुढची ९९ वर्षं सुट्टी, असा अर्थ घेऊ नका. दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि ती दरवर्षी नव्याने. शिवाय रेषा जुन्या मोजणीवर आखलेली असते. नंतर भराव पडले, नाले अरुंद झाले, की पाणी रेषेला विचारून थांबत नाही.

आणि आकडा कुठला तेही बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात एवढा फरक. दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यावरून आपल्या गल्लीचा अंदाज लागत नाही, म्हणून उल्हासकाठी मागतायत ती गल्लीगल्लीची नोंद मोलाची.

सुरंगी

नवीन_घर, कागद बघाच, पण गल्लीही बघा. जुन्या इमारतींचे विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत ते बघा. पूर पाहिलेल्या सोसायट्यांनी ते जिन्याच्या पहिल्या वळणावर चढवलेत. किराणा दुकानदाराला विचारा, तो माल कितव्या फळीपासून ठेवतो. आमच्या वाण्याच्या खालच्या दोन फळ्यांवर पावसाळ्यात फक्त बादल्या आणि झाडू असतात. तुम्ही पहिल्या मजल्यावर आहात, घर कोरडं राहील, पण लिफ्ट बंद, पंप बंद, पाण्याची टाकी गढूळ, दूध नाही, अशा दोन-तीन दिवसांची तयारी ठेवा. घरात कुणी आजारी असेल तर हे आधी लक्षात घ्या.

नवीन_घर_२५

ताई, आज संध्याकाळीच जाऊन मीटर बघतो. घरात वडील डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बेलवलीकर

मग दादा, स्पष्ट सांगतो, नदीच्या अलीकडे-पलीकडे बघू नका, रस्ता बघा. इमारत कोरडी राहील, पण दवाखान्याला जायचा रस्ता नाल्यावरून असेल तर अडकाल. सोनिवलीतून स्टेशनकडे येताना सखल भाग कुठे लागतो ते मला पाठ आहे. रविवारी येणार असाल तर मी सोबत चालत येतो, दाखवतो.

उल्हासकाठी

बेलवलीकर, मीही येतो.

आतापर्यंत आलेल्या जागा आणि उंच्या मी एका वहीत उतरवल्यात : हेंद्रेपाडा २००५, बेलवली २००५ आणि २०२१, रमेशवाडी २०२१. मांजर्ली, वालिवली, एरंजाड, बॅरेज रोड इथलं कुणीच लिहिलेलं नाही, तिथल्यांनी कृपया लिहा. पाणी आलं नसेल तर तेही लिहा, तीसुद्धा नोंदच आहे. २००५ च्या आधीचं आठवणारी वडीलधारी घरात असतील तर त्यांना विचारून लिहा, साल नक्की नसेल तर "अमक्याच्या लग्नाच्या वर्षी" असं लिहिलं तरी आपण जुळवून घेऊ.

ज्या सोसायट्या तयार आहेत तिथे जिन्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने आडवी रेघ आणि वर्ष लिहायचं ठरवतोय. आमच्या समितीत एकजण म्हणाले, "रेघ मारली तर फ्लॅटचा भाव पडेल." मी त्यांना एवढंच विचारलं की मग नवीन येणाऱ्याला कोण सांगणार. सभेत मतदान झालं, रेघ मंजूर झाली. बाकीच्या सोसायट्यांनी काय ठरवलं ते इथे कळवा.